विश्वासाला कर्म बनवू नका : नागपुरातील पाळकांना आणि दृढीकरण वर्गाच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील मराठी मंडळ्यांचे पाळक, पॅस्टोरेट कमिट्यांचे सभासद, संडेस्कूलचे आणि दृढीकरण वर्गांचे शिक्षक यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की आपल्याकडे धर्मसुधारणेचा संदेश होतो. 31 ऑक्टोबर 1517, विटेनबर्ग, मार्टिन ल्यूथर, 95 प्रबंध, आणि शेवटी ठरलेले वाक्य : मनुष्य कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो. आमेन होते, अर्पण गोळा होते, लोक घरी जातात. त्याच आठवड्यात त्याच मंडळीतले कोणी तरी मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात दाखल असलेल्या विश्वासणाऱ्याला भेटायला जाते, प्रार्थना करते आणि निघता निघता सांगून येते, ‘तुमचा विश्वास कमी पडतोय, अजून धरून राहा, मग बघा.’

आमची तक्रार या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. रविवारी जे दिले ते या वाक्याने काढून घेतले जाते. कर्मांचा हिशेब बंद झाला आणि त्याच वहीत पुढच्या पानावर विश्वासाचा हिशेब सुरू झाला. उपास निदान मोजता येतात. विश्वास किती आहे हे कोण मोजणार आणि किती झाला की पुरे? ज्याला हा प्रश्न पडला त्याची झोप उडते, आणि ज्याला तो पडत नाही त्याच्या अंगी नकळत परूश्याचा, म्हणजे येशूच्या काळच्या कर्मठ यहूदी धर्मनिष्ठाचा, ताठा येतो. दोन्ही नमुने आपल्या मंडळ्यांत भरपूर आहेत.

आम्ही दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे), म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांना मंडळीचे पूर्ण सभासद होण्यासाठी तयार करण्याचे, वर्ग घेणारे आणि ईश्वरविज्ञान शिकवणारे काही जण आहोत. विश्वासाने नीतिमान ठरण्याचा, म्हणजे देवाने माणसाला आपल्यापुढे योग्य म्हणून स्वीकारण्याचा, हा सिद्धांत शिकवताना तो नेमका कुठे मोडतो आणि कसा सांधता येईल, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

आधी त्याचे सुटे भाग पाहू. दृढीकरणाच्या उमेदवाराला चार प्रश्न वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. नीतिमान कोण ठरवतो? देव. कशाच्या आधारावर? ख्रिस्ताचे आज्ञापालन, त्याचे मरण आणि पुनरुत्थान यांच्या आधारावर. ते आपल्या पदरात कशाने पडते? विश्वासाने. आणि त्यातून पुढे काय येते? देवाशी शांती, पवित्र आत्मा, नवे आचरण. पहिला आणि चौथा प्रश्न मुले सहज सोडवतात. घोटाळा होतो तो दुसऱ्या-तिसऱ्यात. ‘देवाने तुला का स्वीकारले?’ असे विचारले की उत्तर येते, ‘मी विश्वास ठेवला म्हणून.’ बहुतेक शिक्षक या उत्तराला पूर्ण गुण देतात. ते चूक आहे. त्या ‘म्हणून’च्या जागी फक्त ख्रिस्त बसू शकतो. विश्वास हे घेण्याचे साधन आहे, मिळण्याचे कारण नव्हे. प्रेषित पौल आपल्या पत्रांत ‘विश्वासाने’, ‘विश्वासाच्या द्वारे’ असे पुन्हा पुन्हा लिहितो. ‘विश्वासामुळे’, म्हणजे विश्वासाच्या लायकीवर, नीतिमान ठरतो असे तो एकदाही लिहीत नाही.

हा आमचा काथ्याकूट नाही. सुधारणावादी (रिफॉर्म्ड) चर्चेसची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी 1563 ची; तिच्या 61 व्या प्रश्नात हेच स्पष्ट केले आहे की माझ्या विश्वासाच्या योग्यतेवर मी देवाला मान्य होत नाही. प्रेसबिटेरियनांचा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार 1647 चा. त्याच्या 11 व्या अध्यायात म्हटले आहे की विश्वास ठेवण्याची क्रिया हीच नीतिमत्त्व म्हणून आपल्या नावे धरली जात नाही. अँग्लिकनांच्या 39 कलमांतले 11 वे कलम ख्रिस्ताच्या पुण्याईवर आपण नीतिमान गणले जातो आणि तेही विश्वासाने, अशी दोन्ही पदे वेगळी ठेवते. आता पलीकडची बाजू बघा. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने 13 जानेवारी 1547 रोजी आपल्या सहाव्या सत्रात जो ठराव केला, त्याच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की नीतिमान ठरण्याच्या आधी जे काही येते, मग तो विश्वास असो की कर्मे, त्यातले काहीच या कृपेची कमाई करत नाही. एकमेकांवर शापवचने फेकणाऱ्या दोन्ही गोटांचे या एका मुद्द्यावर एकमत होते. विश्वास हा माणसाचा वाटा आहे, तो पुरेसा भरला की देव आपला वाटा भरतो, ही शिकवण ना जिनिव्हाची (कॅल्विनवाद्यांची), ना रोमची, ना कँटरबरीची (अँग्लिकनांची). ती आपल्याकडे कन्व्हेन्शनच्या, म्हणजे मोठ्या जाहीर प्रवचनसभांच्या, मांडवांतून आली आणि कोणी न तपासताच व्यासपीठावर चढली.

नागपूरने याबाबत जास्त जागरूक असायला हवे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली आणि सहा चर्चेस एकत्र आली : अँग्लिकन परंपरेचे, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल मिळून बनलेले युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन कॉन्फरन्सचे मेथडिस्ट, आणि डिसायपल्स. प्रत्येकाने आपली शिदोरी आणली. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. त्या परंपरेत वेस्टमिन्स्टरच्याच लहान प्रश्नोत्तरीचे 107 प्रश्न पाठ होत आणि 33 वा प्रश्न नेमका आपल्या विषयाचा. मेथडिस्टांनी जॉन वेस्लीचा भर आणला : नीतिमान ठरल्याची खात्री मनाला होते आणि पुढे पवित्रतेत वाढ व्हायलाच हवी. बॅप्टिस्ट आणि डिसायपल्स या दोघांकडे जाणत्या वयात बुडवून बाप्तिस्मा, पण अर्थ वेगळा. बॅप्टिस्ट त्याला आधीच मिळालेल्या कृपेची साक्ष मानतात, तर डिसायपल्सच्या परंपरेत प्रेषितांची कृत्ये 2:38 च्या आधारे तो पापक्षमेशी जास्त घट्ट बांधलेला आहे. सीएनआयने बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य ठेवले, ते शहाणपणाचेच झाले. पण वर्गातला शिक्षक या शिदोऱ्या न ओळखता एकत्र कालवतो. मग एकाच तासात मुलाला ऐकायला मिळते की बाप्तिस्म्याने तू देवाचा झालास, निर्णय घेतलास तेव्हा देवाचा झालास, आणि पवित्र जगलास तर देवाचा राहशील. मूल गप्प बसते. शिक्षकाला वाटते समजले.

यावर उपाय म्हणून आम्ही सहा तासांचा, म्हणजे सहा पाठांचा, क्रम सुचवतो. प्रत्येक तास सव्वा तासाचा धरा आणि व्याख्या पाचव्या तासापर्यंत फळ्यावर लिहू नका. व्याख्या आधी दिली की मुले पाठ करतात आणि पुढचे काही ऐकत नाहीत.

पहिला तास फक्त लूक 18:9-14, परूशी आणि जकातदार यांची मंदिरातली प्रार्थना. हा उतारा सर्वांना पाठ आहे, आणि नेमका त्यामुळेच चुकीचा शिकवला जातो. परूश्याचे काय चुकले असे विचारले की वर्ग एका सुरात म्हणतो, तो ढोंगी होता. वचनात तसे नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो, हे तो खोटे सांगत नाही. शिवाय तो आपल्या चांगुलपणाचे श्रेय स्वतः घेतही नाही. ‘देवा, मी तुझे आभार मानतो’ अशी त्याची सुरुवात आहे. म्हणजे ‘हे सगळे देवाच्या कृपेने’ असे म्हणणाराही परूशी असू शकतो. ही जागा वर्गात सावकाश उलगडू द्या, वीस मिनिटे गेली तरी हरकत नाही. आभार मानतानाही त्याची नजर शेजाऱ्यावर आहे आणि आपली यादी हाच त्याचा आधार आहे. जकातदाराकडे यादीच नाही. आता धोक्याचे वळण : जकातदाराची नम्रता हेच त्याचे पुण्य होते असे मुले म्हणू लागतात, छाती बडवली म्हणून तो नीतिमान ठरला म्हणतात. तिथेच थांबवा आणि विचारा, मग आपणही छाती बडवायचा सराव करायचा का? तो दया मागतो आहे, दयेचे मोल देत नाही.

दुसरा तास गलतीकरांस पत्र 2:11-16. या तासाबद्दल आमचा सर्वांत जास्त आग्रह आहे. नीतिमान ठरण्याचा सिद्धांत पौलाच्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी एकात अवतरतो तो जेवणाच्या पंगतीवरच्या भांडणातून. अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही लोक आले, तसा तो भिऊन मागे सरला आणि वेगळा बसू लागला. बाकीचे यहूदी त्याच्या मागे गेले, बर्णबासुद्धा वाहवला. पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला धारेवर धरले आणि त्या वादातच 16 वे वचन येते : नियमशास्त्रातील कर्मांनी कोणीही नीतिमान ठरत नाही. ई. पी. सँडर्स यांनी 1977 मध्ये पौलाच्या काळच्या यहूदी धर्माचा नव्याने अभ्यास मांडला, त्यानंतर अनेक अभ्यासक म्हणू लागले की ही ‘कर्मे’ म्हणजे मुख्यतः सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शब्बाथ, यहूदी आणि परके वेगळे ओळखू येतील अशा खुणा. आमच्या मते त्यांनी ताणले आहे. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल मजुरी आणि देणगी यांतला फरक सांगतो, तो केवळ खुणांपुरता नाही. पण पंगतीचा धागा त्यांनी परत हाती दिला हे खरे, आणि महाराष्ट्रात तो धागा सोडून हा सिद्धांत शिकवणे म्हणजे अर्धाच शिकवणे. पंक्तिभेद म्हणजे काय हे नागपुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 या शहराने पाहिला आहे. सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण’ ही चौकशी ख्रिस्ती घरांतही होते, पॅस्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत गट कशावरून पडतात हेही आपण जाणतो. ख्रिस्ताने ज्याला नीतिमान ठरवले त्याच्या ताटाशेजारी बसायला मी कचरतो, तर पौलाच्या हिशेबी ते वाईट वळण एवढ्यावर भागत नाही. ती सुवार्तेच्या सत्याला सोडून चाललेली चाल आहे. 14 व्या वचनातले शब्द याच अर्थाचे आहेत.

तिसरा तास अब्राहामाचा आणि तो सरळ आहे, फक्त क्रम सांभाळा. उत्पत्ती 15:6 मध्ये विश्वास नीतिमत्त्व असा गणला जातो. सुंता 17 व्या अध्यायात. मुलांना वये काढायला लावा : इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम 86 वर्षांचा (16:16), सुंता झाली तेव्हा 99 वर्षांचा (17:24). म्हणजे गणले गेले ते सुंतेच्या किमान तेरा वर्षे आधी. रोमकरांस 4:10-11 मधला पौलाचा सगळा युक्तिवाद या अंतरावर उभा आहे.

चौथा तास अवघड आहे. रोमकरांस 3:21-26 वाचायच्या आधी नीतिसूत्रे 17:15 वाचा : दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. मग रोमकरांस 4:5 वाचा, जिथे देवाचे वर्णनच अभक्ताला नीतिमान ठरवणारा असे केले आहे. वर्गाला ही ठिणगी दिसली पाहिजे. ज्या गोष्टीचा देवाला वीट आहे तीच तो करतो काय? हा प्रश्न वर्गात उभा राहिल्याशिवाय 25 आणि 26 या वचनांची गरज कळत नाही. देवाने ख्रिस्ताला प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवले ते अशासाठी की त्याने स्वतः नीतिमान असावे आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवावे. क्षमा स्वस्त झाली नाही आणि न्यायही वाकला नाही.

याच ठिकाणी उपदेशक दृष्टांताला हात घालतात आणि विदर्भात हमखास निघतो तो कर्जमाफीचा. शेतकऱ्याचे कर्ज सरकारने माफ केले, तसे आपले पाप. लोकांना पटकन भिडतो, म्हणून वापरला जातो. तो तीन जागी फसतो. कर्जमाफीत निकष असतात, मुदत असते, पात्र-अपात्र याद्या लागतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात पात्रतेचाच विचार जागा होतो आणि आपल्याला नेमका तोच मोडायचा असतो. दुसरे, माफीने खाते फक्त शून्यावर येते. नीतिमान ठरण्यात ख्रिस्ताचे नीतिमत्त्व आपले धरले जाते. 2 करिंथकरांस 5:21 मध्ये अदलाबदल आहे, नुसती वजाबाकी नाही. तिसरे, कर्ज माफ करणाऱ्याशी कर्जदाराचे काही नाते जडत नाही. देव ज्याला नीतिमान ठरवतो त्याला पुत्रपणही देतो. दृष्टांत द्यायचाच असेल तर पौलाने स्वतः निवडलेले न्यायालय वापरा आणि लगेच सांगा की इथला न्यायाधीश बाहेरचा कोणी त्रयस्थ आणून त्याला शिक्षा देत नाही; देव स्वतःच आपल्या पुत्राच्या ठायी आला आहे. हे न सांगितल्यास मुले घरी जाताना रागावलेला बाप आणि मार खाणारा मुलगा एवढेच चित्र घेऊन जातात.

पाचव्या तासाला याकोब 2:14-26. ‘मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो’ हे 24 वे वचन वर्गापासून लपवू नका. मुलांनी ते कधीतरी वाचलेच असते. याकोब उत्पत्ती 15 चेही वचन देतो, पण त्याचा दाखला आहे 22 व्या अध्यायाचा, इसहाकाला वेदीवर ठेवल्याचा. पौल सुरुवात विचारतो, याकोब ती सुरुवात खरी होती का हे विचारतो. आणि याकोब ज्या विश्वासाला नावे ठेवतो तो भुतांकडेही असतो (2:19); पौल त्याला विश्वासच म्हणणार नाही. जोडीला इफिसकरांस 2:8-10 घ्या, आणि 10 वे वचन कधीही गाळू नका. आपल्याकडच्या भिंतीवरच्या वचनपाट्या 9 व्या वचनाला संपतात, म्हणून सत्कर्मांसाठीच आपली निर्मिती झाली आहे हा भाग लोकांना ठाऊक नसतो. ‘एकदा तारण झाले, आता काही का करेना’ हा गैरसमज तिथून सुरू होतो आणि त्याला रोमकरांस 6 हे उत्तर आहे. लहान प्रश्नोत्तरीने 33 व्या प्रश्नात नीतिमान ठरवणे ही देवाची एकवार केलेली कृती म्हटली आणि 35 व्यात पवित्रीकरण हे चालू असलेले कार्य. ही खूण मुलांना द्या. काल बाप्तिस्मा घेतलेला आणि चाळीस वर्षे सेवा केलेला पाळक, दोघे सारखेच नीतिमान ठरलेले असतात. पवित्रतेत मात्र फरक असतो, आणि कधी कधी तो उलटाही असतो.

सहावा तास कॅथलिकांबद्दल. धर्मसुधारणेच्या रविवारी ‘रोमन कॅथलिक कर्मांनी तारण मानतात’ हे वाक्य सर्रास बोलले जाते. ट्रेंटच्या त्या ठरावात 16 अध्याय आणि 33 नियम आहेत. पहिलाच नियम बघा : ख्रिस्ताद्वारे येणाऱ्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी मनुष्य देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे कोणी म्हटले तर त्याच्यावर शापवचन. खरा मतभेद वेगळा आहे आणि तो लहान नाही. ट्रेंटच्या मते नीतिमान ठरणे म्हणजे पापक्षमा आणि आतून होणारे नवीकरण दोन्ही एकत्र, बाप्तिस्मा हे त्याचे साधन, आणि ते पुढे वाढू शकते. नववा नियम ‘केवळ विश्वासाने’ या म्हणण्याला विशिष्ट अर्थाने नाकारतो. सुधारणावाद्यांच्या मते ठरवणे वेगळे आणि नवीकरण वेगळे, जरी दोन्ही ख्रिस्तात एकदमच मिळतात. ल्यूथर 18 फेब्रुवारी 1546 रोजी वारले. हा ठराव त्यांनी पाहिलाच नाही, त्यामुळे ल्यूथरने ट्रेंटला उत्तर दिले असे सांगू नका. आणि हेही सांगा की 1541 मध्ये रेगेन्सबुर्गला मेलांखथोन, बुत्सर, योहान एक वगैरे दोन्हीकडचे ईश्वरविज्ञानी, पोपचे दूत कार्डिनल कोंतारिनी यांच्या उपस्थितीत, नीतिमान ठरण्याच्या कलमावर एकमतापर्यंत पोचले होते. बोलणी फिसकटली ती प्रभुभोजन आणि चर्चचा अधिकार यांवर, आणि ते कलमही पुढे ना रोमला पटले, ना ल्यूथरला.

31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी याच सिद्धांतावर संयुक्त घोषणा केली. 44 परिच्छेद आहेत. वर्गासाठी 15 वा पुरे. केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात, आपल्या कोणत्याही योग्यतेवरून नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देतो, जो आपल्याला नवे करतो आणि सत्कर्मांसाठी पाठवतो, असे दोघे मिळून कबूल करतात. 2006 मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषद सामील झाली, 2016 मध्ये अँग्लिकन सल्लागार परिषदेने आशयाला मान्यता दिली, 2017 मध्ये विटेनबर्गलाच रिफॉर्म्ड चर्चेसचा जागतिक परिवार आला. सीएनआय या तिन्ही परिवारांची सभासद आहे. म्हणजे ही घोषणा आपल्या घरात तीन दारांनी आली, तरी आपल्या किती व्यासपीठांवर तिचे नाव निघते? सगळे मिटले असेही नाही. घोषणेवर सही होण्याआधीच जर्मनीतल्या शंभराहून अधिक प्राध्यापकांनी तिला विरोध केला होता. नीतिमान ठरलेला माणूस एकाच वेळी पापीही असतो का, यावर आजही दोघांची भाषा जुळत नाही. ते जसे आहे तसे सांगा.

सदरमध्येच दुसरे कॅथीड्रल आहे, संत फ्रान्सिस दे सेल्स यांच्या नावाचे. हे फ्रान्सिस जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा कॅल्विनवाद्यांकडे असल्यामुळे राहायचे अनेसीला. 1586-87 च्या सुमारास पॅरिसमध्ये विद्यार्थी असताना आपण देवाने टाकून दिलेल्यांपैकी आहोत या विचाराने ते खंगले होते. ल्यूथरलाही मठात तीच भीती होती. दोघांचे मार्ग वेगळे झाले, दुखणे एक होते. सेंट चार्ल्स सेमिनरीतल्या एखाद्या फादरांना सहाव्या तासाला बोलवा. त्यांची शिकवण त्यांच्याच तोंडून ऐकणे जास्त प्रामाणिक.

आता पुन्हा त्या रुग्णाच्या खाटेकडे. भेटीला जाणाऱ्यांना एवढे तरी शिकवा की आजार बरा होणे आणि नीतिमान ठरणे ही दोन वेगळी वचने आहेत; एकाचा निकाल लागला नाही म्हणून दुसऱ्यावर शंका घ्यायची नसते. विश्वासाचे माप काढणारे प्रश्न विचारू नयेत. मार्क 9:24 मधला बाप अर्ध्या विश्वासानेच आला होता, ‘माझा अविश्वास घालवून टाका’ म्हणाला, आणि येशूने त्याला परत पाठवले नाही. तिथे वाचायला रोमकरांस 8:33-34 सर्वांत बरे, कारण त्यात रुग्णाला काहीच करायला सांगितलेले नाही. दोषी कोण ठरवणार हा प्रश्न आहे आणि उत्तरात फक्त ख्रिस्त आहे.

पॅस्टोरेट कमिट्यांना आमची विनंती अशी : जुलै-ऑगस्टमध्ये हे सहा तास बसवा, उपासनेनंतर उरलेल्या अर्ध्या तासात ढकलू नका. दृढीकरणाआधी उमेदवाराला लेखी परीक्षेऐवजी तोंडी तीन प्रश्न विचारा. देवाने तुला कशाच्या आधारावर स्वीकारले? तुझा विश्वास डळमळला तर तो आधार डळमळतो का? तू कोणाबरोबर जेवायला बसत नाहीस? पहिल्याला ‘माझा विश्वास’ असे उत्तर आले तर नापास करू नका, चौथा तास पुन्हा घ्या. दुसऱ्यावर उमेदवार थांबला तर शिक्षकानेही घाई करू नये. तिसरा प्रश्न आधी कमिटीच्या सभासदांना विचारून पाहावा.

आणि धर्मसुधारणेच्या रविवारी रोमकरांस पत्राचे वाचन 3:28 ला तोडू नका. 31 व्या वचनापर्यंत वाचा. देव फक्त यहूद्यांचाच आहे काय, परराष्ट्रीयांचाही नाही काय, हा पंगतीचा प्रश्न 29 व्या वचनात आहे, आणि वाचक सहसा तिथे पोचायच्या आत शास्त्र मिटतो.

आपले नम्र,
दृढीकरण वर्गांचे काही शिक्षक आणि ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक, नागपूर